नोकिया आणि विंडोज फोन : फेब्रुवारी २०११ मध्ये दुसरी वाट होती का?

अक्षांश

सर्व जाणकारांना नमस्कार.

११ फेब्रुवारी २०११ रोजी लंडनमध्ये नोकियाचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीफन इलॉप आणि मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी एकत्र येऊन जाहीर केले की, यापुढे नोकियाच्या स्मार्टफोनची मुख्य ऑपरेटिंग सिस्टिम विंडोज फोन ही असेल. ज्या सिम्बियनवर नोकियाचे बहुतेक सर्व स्मार्टफोन तोपर्यंत चालत होते, ती टप्प्याटप्प्याने मागे घेतली जाणार होती. आणि इंटेलच्या सहकार्याने घडत असलेली मीगो ही नवी प्रणाली एका फोनपुरती आणि पुढच्या काळातील प्रयोगांपुरती उरणार होती. त्याच आठवड्यात इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेले पत्र बाहेर फुटले होते. उत्तर समुद्रातील तेलाच्या फलाटाला आग लागल्यावर बर्फगार पाण्यात उडी मारणाऱ्या माणसाची गोष्ट सांगून, आपली कंपनीही तशाच पेटत्या फलाटावर उभी आहे, असे त्यांनी त्यात लिहिले होते. घोषणेच्या दिवशी नोकियाचा शेअर सुमारे १४ टक्क्यांनी कोसळला आणि फिनलंडमधील टांपेरे येथे अनेक कर्मचारी निषेध म्हणून काम थांबवून कार्यालयाबाहेर पडले.

पुढे काय झाले हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. ३ सप्टेंबर २०१३ रोजी मोबाइलचा संपूर्ण व्यवसाय आणि पेटंटचा परवाना मिळून ५.४४ अब्ज युरोंना मायक्रोसॉफ्टला देण्याचा करार झाला, एप्रिल २०१४ मध्ये हस्तांतर पूर्ण झाले आणि जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने या खरेदीपोटी तब्बल ७.६ अब्ज डॉलर तोटा म्हणून खाती टाकले.

या विषयावर दोन टोकाची मते वारंवार वाचायला मिळतात. एका मतानुसार इलॉप यांनी धडधाकट कंपनी बुडवली. २०१० या एका वर्षात दहा कोटी स्मार्टफोन विकणाऱ्या, जगातील स्मार्टफोनच्या विक्रीत पहिल्या क्रमांकावर असणाऱ्या कंपनीला उडी मारण्याची काहीच गरज नव्हती. दुसरे मत असे की इलॉप येण्यापूर्वीच सगळे संपलेले होते आणि कोणतीही प्रणाली निवडली असती तरी शेवट हाच होता. दोन्ही मते मला अपुरी वाटतात. पहिले मत आकड्यांमागची घसरण पाहत नाही, आणि दुसरे मत मान्य केले तर कोणत्याही निर्णयाचे परीक्षण करण्यातच अर्थ उरत नाही.

म्हणून माझा प्रश्न नेमका असा आहे : त्या दिवशी संचालक मंडळासमोर जी माहिती होती, तेवढीच गृहीत धरली तर एकाच प्रणालीवर सर्व भार टाकणे हीच चूक होती, की तो भार ज्या रीतीने टाकला गेला तिच्यात चूक होती? ॲन्ड्रॉइड स्वीकारणे, किंवा सिम्बियनकडून मीगोकडे सावकाश जाणे, हे पर्याय खरोखर उपलब्ध होते का? ज्यांनी या क्षेत्रात काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

टिपणवही

प्रश्न चांगला मांडला आहे. माझे उत्तर आधी सांगतो आणि मग त्याची कारणे देतो : एक प्रणाली निवडणे ही चूक नव्हती, नवी प्रणाली हातात येण्याच्या आठ महिने आधी जुनीचा शेवट जाहीर करणे ही चूक होती, आणि ती इतकी मोठी होती की पुढचे चांगले कामही तिच्याखाली दबून गेले.

आकडे क्रमाने पाहिले की हे लक्षात येते. २०१० च्या शेवटच्या तिमाहीत नोकियाने २ कोटी ८३ लाख स्मार्टफोन विकले होते. आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीत हा आकडा २ कोटी ८ लाख होता. म्हणजे विक्री वाढत होती. परंतु बाजार त्याहून वेगाने वाढत असल्यामुळे नोकियाचा हिस्सा घटत होता. ही काळजीची अवस्था होती यात शंका नाही, तरीही ती कोसळण्याची अवस्था नव्हती. घोषणेनंतरच्या तिमाह्या पाहा. २०११ च्या पहिल्या तिमाहीत २ कोटी ४२ लाख, दुसऱ्या तिमाहीत १ कोटी ६७ लाख. त्या दुसऱ्या तिमाहीत ॲपलने २ कोटी ३ लाख आयफोन विकून नोकियाला मागे टाकले. नफ्याचा अंदाज गाठता येणार नाही, असा इशारा नोकियाला ३१ मे रोजीच द्यावा लागला होता. या संपूर्ण काळात विंडोज फोनवर चालणारा नोकियाचा एकही फोन बाजारात नव्हता. ल्युमिया ८०० आणि ७१० हे पहिले दोन फोन ऑक्टोबर २०११ च्या अखेरीस लंडनमध्ये दाखवले गेले, युरोपातील काही देशांत नोव्हेंबरमध्ये मिळू लागले, आणि अमेरिकेत तर ७१० जानेवारी २०१२ मध्ये पोहोचला.

फेब्रुवारीच्या घोषणेत इलॉप यांनी आणखी सुमारे १५ कोटी सिम्बियन फोन विकण्याची अपेक्षा व्यक्त केली होती. नव्या प्रणालीकडे जाताना लागणारा पैसा याच विक्रीतून यायचा होता. परंतु स्वतः कंपनीच्या प्रमुखाने पेटता फलाट म्हटलेली वस्तू दोन वर्षांच्या करारावर घ्यायला ग्राहक का तयार होईल, आणि दूरसंचार कंपनी तिच्या जाहिरातीवर खर्च का करील? फोन विकणारा माणूस ग्राहकाला कोणता फोन हातात देतो, यावर या धंद्यात फार काही ठरते, आणि विक्रेत्याला उद्या बंद पडणारा माल आज खपवण्यात रस नसतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्बोर्न या संगणक कंपनीने पुढच्या मॉडेलची वाच्यता आधीच केली आणि चालू मॉडेलची मागणी आटली, असा जो दाखला या व्यवसायात नेहमी दिला जातो तो सर्वांना माहीत होता. नोकियाने तीच गोष्ट कितीतरी मोठ्या प्रमाणावर केली.

दुसरा घाव मायक्रोसॉफ्टच्या वेळापत्रकामुळे बसला. विंडोज फोन ७ ही प्रणाली छोट्या उपकरणांसाठीच्या जुन्या विंडोज सीईच्या गाभ्यावर उभी होती. तिला एकापेक्षा अधिक कोअर असलेला प्रोसेसर चालत नव्हता, आणि पडद्याचे रिझोल्यूशन ८०० गुणिले ४८० एवढेच ठरवून दिलेले होते. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेत मोठा गाजावाजा करून ल्युमिया ९०० आणला गेला. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते तोच, २० जून रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ८ जाहीर केली. ती संगणकावरील विंडोजच्या एनटी या गाभ्यावर असल्यामुळे सध्याच्या कोणत्याही फोनवर चालणार नाही, आणि जुन्या फोनधारकांना ७.८ या आवृत्तीवर समाधान मानावे लागेल, हेही त्याच दिवशी स्पष्ट झाले. जुलैमध्ये ल्युमिया ९०० ची करारासह किंमत ९९ डॉलरवरून निम्म्यावर आणावी लागली. दीड वर्षाच्या आत नोकियाची चालू मालिका दुसऱ्यांदा निकालात निघाली होती, आणि या खेपेला तो निर्णय नोकियाच्या हातात नव्हता. २०१२ च्या तिसऱ्या तिमाहीत स्मार्टफोनची एकूण विक्री ६३ लाखांवर आली, त्यांपैकी ल्युमिया केवळ २९ लाख होते.

माझा आक्षेप निवडीच्या दिशेवर नाही हे पुन्हा सांगतो. आपल्या मालाचा शेवट आपण ठरवायचा की दुसऱ्याने, हा प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी विचारायला हवा होता.

अर्धविराम

टिपणवही यांनी बाजाराची बाजू मांडली आहे. मी प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या बाजूने थोडे लिहितो, कारण या प्रकरणात तिचा विचार सर्वांत कमी होतो.

सिम्बियनचा जन्म सायॉन या ब्रिटिश कंपनीच्या ईपॉक प्रणालीतून झाला. १९९८ मध्ये सायॉन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून सिम्बियन ही स्वतंत्र कंपनी काढली. त्या काळच्या यंत्रांत मेमरी फार थोडी असे आणि बॅटरी जपून वापरावी लागे, म्हणून प्रणालीचा प्रत्येक भाग काटकसरीने बांधलेला होता. साधा मजकूर साठवायचा तरी डिस्क्रिप्टर नावाचे वेगवेगळे प्रकार शिकावे लागत. मेमरी वाया जाऊ नये म्हणून क्लीनअप स्टॅकचे नियम पाळावे लागत. वस्तू दोन टप्प्यांत घडवावी लागे. आणि एका वेळी अनेक कामे चालवण्यासाठी ॲक्टिव्ह ऑब्जेक्ट ही वेगळीच पद्धत आत्मसात करावी लागे. २००० साली हे सर्व योग्य होते, एवढेच नव्हे तर अभियांत्रिकीच्या दृष्टीने सुंदर होते. २०१० साली मात्र आयफोनसाठी किंवा ॲन्ड्रॉइडसाठी काही आठवड्यांत तयार होणारे ॲप सिम्बियनसाठी घडवायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागत असे, आणि मेमरीची ती टंचाई तोवर संपलेली होती.

नोकियाने यावर एक अतिशय शहाणा उपाय शोधला होता. २००८ मध्ये तिने ट्रोलटेक ही नॉर्वेची कंपनी विकत घेतली, ती तिच्या क्यूटी या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनसंचासाठी. क्यूटीमध्ये लिहिलेला प्रोग्राम सिम्बियनवर चालेल आणि पुढे मीगोवरही चालेल, असा तो पूल होता. म्हणजे ग्राहकाकडे जुना फोन असो वा नवा, ॲप लिहिणाऱ्याचे श्रम वाया जाणार नव्हते, आणि कोट्यवधी सिम्बियन फोनांची बाजारपेठ मीगोच्या पहिल्या दिवसापासून तिच्या पाठीशी राहिली असती. ऑक्टोबर २०१० मध्ये, म्हणजे इलॉप आल्यानंतरच, नोकियाने ॲप विकासासाठी यापुढे केवळ क्यूटीवर भर देण्याचे जाहीर केले होते. ज्यांनी त्या शब्दावर विसंबून शिकायला सुरुवात केली त्यांना चारच महिन्यांत सांगण्यात आले की नव्या फोनवर क्यूटी नसेल.

विंडोज फोन ७ मध्ये बाहेरच्या विकासकांना सी प्लस प्लस या भाषेत थेट प्रोग्राम लिहिण्याची मुभाच नव्हती. सी शार्प आणि सिल्व्हरलाइट या मायक्रोसॉफ्टच्या साधनांच्या चौकटीत राहावे लागत होते. त्यामुळे नोकियाच्या भोवती जमलेल्या प्रत्येक विकासकाला पाटी पुसून नव्याने सुरुवात करणे भाग होते. आणि नव्यानेच सुरुवात करायची तर ज्या दोन प्रणालींकडे ग्राहक धावत आहेत त्यांच्यासाठी का करू नये, हा विचार त्याच्या मनात येणारच. मला वाटते, नोकियाने त्या दिवशी गमावलेली सर्वांत मौल्यवान गोष्ट ही होती. ग्राहक पुढच्या वर्षी नवा फोन घेऊन परत येऊ शकतो. शब्द मोडलेल्या व्यासपीठावर विकासक सहसा परत येत नाही. विंडोज फोनला शेवटपर्यंत ॲपच्या तुटवड्याने ग्रासले, इन्स्टाग्रामसारखे ॲप तिथे पोहोचायला नोव्हेंबर २०१३ उजाडावा लागला, याचे मूळ मला इथे दिसते.

एन९ या फोनबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. जून २०११ मध्ये सिंगापूरला दाखवलेला हा नोकियाचा मीगोवरचा एकमेव फोन. समोर एकही बटण नव्हते. पडद्याच्या कडेवरून बोट सरकवले की चालू ॲप बाजूला होत असे. आज जवळजवळ प्रत्येक फोन ज्या हालचालींवर चालतो त्यांच्या फार जवळची ती रचना होती. परीक्षकांनी त्याची तोंड भरून स्तुती केली, आणि तरीही अमेरिका, ब्रिटन, जर्मनी यांसारख्या मोठ्या बाजारांत कंपनीने तो अधिकृतपणे विकायलाच आणला नाही. त्याच्या बाह्यरूपाचा साचा पुढे ल्युमिया ८०० साठी वापरला गेला. ज्या अभियंत्यांनी तो घडवला त्यांच्यापैकी काहींनी बाहेर पडून योला ही कंपनी काढली आणि मीगोचा वारसा सेलफिश या नावाने पुढे नेला. एवढे उत्तम काम जन्मतःच पोरके केले गेले, याचे मला आजही मनापासून वाईट वाटते.

उत्तरायण

अर्धविराम यांची तळमळ समजते आणि एन९ विषयी ते म्हणतात त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. परंतु क्यूटीचा पूल कागदावर जितका भक्कम दिसतो तितका तो प्रत्यक्षात नव्हता, आणि संचालक मंडळाला निर्णय घ्यायचा होता तो कागद पाहून नव्हे, तर फोन केव्हा तयार होतील हे पाहून.

सिम्बियनची नवी पिढी, जिला सिम्बियन^४ म्हणत, तीही त्याच ऑक्टोबर २०१० मध्ये स्वतंत्र आवृत्ती म्हणून रद्द झाली होती. सॅमसंग आणि सोनी एरिक्सन या इतर मोठ्या उत्पादकांनी त्या वर्षी सिम्बियनचा हात सोडला होता, त्यामुळे तिचा संपूर्ण भार एकट्या नोकियावर आला होता. मीगोचे म्हणाल, तर २०१४ पर्यंत त्या प्रणालीवर तीनच फोन आणता येतील असा अंदाज नोकियाच्या अंतर्गत तपासणीत निघाल्याचे २०११ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तीन वर्षांत तीन फोन! ज्या कंपनीचा धंदा महागड्यापासून स्वस्तापर्यंत प्रत्येक पायरीवर मॉडेल ठेवण्यावर चालत होता, तिच्यासाठी हा पर्यायच नव्हता. यात इलॉप यांचा दोष कितीसा? नोकियाची मॅमो आणि इंटेलची मॉब्लिन या दोन प्रणालींची सांगड घालून मीगो करण्याचा निर्णय फेब्रुवारी २०१० चा, म्हणजे त्यांच्या आधीचा. आणि त्या जुळवाजुळवीतच एक मोलाचे वर्ष गेले.

आता ॲन्ड्रॉइड. नोकियाने गूगलशी बोलणी केली होती. पण दोन अडचणी होत्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या. पहिली नकाशांची. नोकियाने २००८ मध्ये नॅव्हटेक ही नकाशा कंपनी ८.१ अब्ज डॉलर देऊन घेतली होती. गूगलच्या अटी मान्य करून ॲन्ड्रॉइड वापरायचे तर गूगलच्या नकाशांपुढे या गुंतवणुकीला फारसा अर्थ उरत नव्हता. दुसरी अडचण अधिक गंभीर होती. सर्वांचे सॉफ्टवेअर सारखेच असेल तर स्पर्धा उरते ती किंमत, जाहिरात आणि सुटे भाग मिळवण्याची ताकद यांची; आणि पडदे, मेमरी, प्रोसेसर स्वतः बनवणाऱ्या सॅमसंगशी त्या मैदानात टिकणे कठीण होते. एकच उत्पादक ॲन्ड्रॉइडचा सारा बाजार व्यापील, अशी भीती वाटत होती असे इलॉप यांनी नंतर सांगितले, आणि घडलेही बरेचसे तसेच. ॲन्ड्रॉइडमध्ये सुरुवातीला आघाडीवर असलेल्या एचटीसीने २०१७ मध्ये आपल्या फोन विभागातील मोठा गट १.१ अब्ज डॉलरच्या व्यवहारात गूगलकडे सोपवला. एलजीने २०२१ मध्ये फोनचा व्यवसायच बंद केला. ॲन्ड्रॉइड निवडूनही हे दोघे वाचले नाहीत.

याउलट मायक्रोसॉफ्टने नोकियाला विशेष स्थान दिले. तिमाहीला २५ कोटी डॉलरचे साहाय्य मिळणार होते (बदल्यात किमान रॉयल्टीची हमीही द्यावी लागली होती), नोकियाचे नकाशे विंडोज फोनमध्ये येणार होते, आणि ॲपल व गूगल यांच्याखेरीज तिसरा कोणी उभा राहावा अशी दूरसंचार कंपन्यांची मनापासून इच्छा होती. २०१३ मध्ये ल्युमिया ५२० सारखा स्वस्त फोन उत्तम खपला, युरोपातील काही देशांत विंडोज फोनचा हिस्सा दहा टक्क्यांच्या आसपास पोहोचला, आणि त्या वर्षीच्या तिसऱ्या तिमाहीत ८८ लाख ल्युमिया विकले गेले. निवड मूर्खपणाची असती तर एवढेही झाले नसते. टिपणवही यांच्या घोषणेविषयीच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. तो मला मान्य आहे.

अक्षांश

तिघांचेही मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न विचारतो, कारण तो या चर्चेत टाळता येत नाही. इलॉप हे नोकियात येण्यापूर्वी मायक्रोसॉफ्टमध्ये ऑफिस हे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या विभागाचे प्रमुख होते, आणि विक्रीनंतर ते पुन्हा मायक्रोसॉफ्टमध्येच गेले. जाताना मिळणाऱ्या सुमारे १ कोटी ८८ लाख युरोंपैकी ७० टक्के रक्कम मायक्रोसॉफ्ट देणार होती. फिनलंडमध्ये यावरून मोठा संताप झाला. निर्णयाकडे पाहताना हे लक्षात घ्यावे की बाजूला ठेवावे?

सांगाती

लक्षात जरूर घ्यावे, पण त्यातून कट सिद्ध होतो असे मानू नये. जोर्मा ऑलिला अध्यक्ष असलेल्या संचालक मंडळाने या निर्णयाला मान्यता दिली होती, आणि इलॉप यांना मायक्रोसॉफ्टमधून आणणारे मंडळही तेच. त्यांचा पूर्वेतिहास उघड होता. माझ्या मते त्याचा परिणाम दुसऱ्या मार्गाने झाला : मायक्रोसॉफ्टची अंमलबजावणी किती वेगाने होईल यावर त्यांचा विश्वास बाहेरच्या माणसापेक्षा अधिक होता, आणि म्हणून तो वेग चुकला तर काय, याची तरतूद करारात आणि नियोजनात पुरेशी झाली नाही. या चुकीची किंमत मात्र ज्यांचा करारात काहीच आवाज नव्हता त्यांनी मोजली. एप्रिल २०११ मध्ये सिम्बियनवर काम करणारे ३,००० लोक ॲक्सेंचर या सल्लागार कंपनीकडे वर्ग करण्याचे आणि आणखी ४,००० जणांना कमी करण्याचे जाहीर झाले. जून २०१२ मध्ये आणखी १०,००० जणांची कपात जाहीर झाली, आणि त्याच वर्षी फिनलंडमधील सालो येथील कारखाना बंद पडला. त्या छोट्या शहराचा बराचसा संसार त्या कारखान्यावर चालत होता. जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या रकमेवरून तिथे उसळलेला राग मला पूर्णपणे न्याय्य वाटतो.

मूळ प्रश्नासाठी दोन इतर कंपन्यांची उदाहरणे उपयोगी पडतील.

मोटोरोला २००८ मध्ये नोकियापेक्षा कितीतरी वाईट अवस्थेत होती. तिच्याकडे लिनक्स, सिम्बियन, विंडोज मोबाइल आणि स्वतःची जुनी प्रणाली, असा पसारा होता. संजय झा यांनी सूत्रे हाती घेतल्यावर जवळजवळ सर्व काही बंद करून स्मार्टफोनचा भार ॲन्ड्रॉइडवर टाकला. तेव्हा ॲन्ड्रॉइडवरचा पहिला फोन नुकताच बाजारात आला होता. म्हणजे पैज कमी धोक्याची मुळीच नव्हती. नोव्हेंबर २००९ मध्ये व्हेरायझन या अमेरिकी दूरसंचार कंपनीबरोबर ड्रॉइड हा फोन आला आणि कंपनी सावरली. इथे दोन गोष्टी नोकियापेक्षा वेगळ्या होत्या. जुन्या मालातून फारसे काही येत नसल्यामुळे तो सोडताना गमावण्यासारखे थोडेच होते. आणि आयफोन तेव्हा अमेरिकेत केवळ एटीअँडटी या तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीकडे असल्यामुळे व्हेरायझनला त्याच्या तोडीचा फोन हवाच होता, म्हणून तिने जाहिरातीचा मोठा भार उचलला. तरीही २०११ मध्ये गूगलने १२.५ अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केलेली मोटोरोला मोबिलिटी २०१४ च्या आरंभी लेनोव्होला २.९१ अब्ज डॉलरला देण्याचे ठरले. पैज जिंकूनही कंपनी स्वतंत्र राहिली नाही.

ब्लॅकबेरीने उलट केले. बाहेरच्या कोणावर अवलंबून न राहता २०१० मध्ये क्यूएनएक्स ही सॉफ्टवेअर कंपनी विकत घेतली आणि तिच्यावर ब्लॅकबेरी १० ही स्वतःची प्रणाली बांधायला घेतली. वेळापत्रक पूर्णपणे स्वतःच्या हातात होते, आणि तरी ते पाळता आले नाही. नवी प्रणाली येणार हे २०११ पासून जगाला ठाऊक होते. ती आली ३० जानेवारी २०१३ रोजी. मधल्या काळात जुने फोन घेण्याचे लोकांनी टाळले, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये न खपलेल्या फोनांपोटी ९० कोटी डॉलरहून अधिक तोटा दाखवावा लागला. त्यामुळे टिपणवही यांच्या शेवटच्या वाक्याला एक पुरवणी जोडावीशी वाटते : वेळापत्रक आपल्या हातात असणे पुरेसे नाही, दोन प्रणालींच्या मधला काळ जितका लांबेल तितके पाय खचतात, मग ती प्रणाली कोणाचीही असो.

नोकियाने सर्वस्व पणाला लावले असे आपण म्हणतो, त्याबाबतही थोडी मर्यादा सांगायला हवी. मोबाइल जाळ्याची (नेटवर्कची) उपकरणे बनवणारा व्यवसाय या पैजेबाहेर होता. रिस्टो सिलासमा अध्यक्ष झाल्यानंतर, जुलै २०१३ मध्ये, नोकियाने त्या व्यवसायातील सीमेन्सचा निम्मा वाटा १.७ अब्ज युरोंना घेण्याचे ठरवले. फोन गेल्यावर कंपनी उभी राहिली ती याच आधारावर, आणि २०१६ पर्यंत तिने अल्काटेल ल्युसेंट ही याच क्षेत्रातील कंपनीही आपल्यात सामावून घेतली.

टिपणवही

सांगाती यांची पुरवणी मला मान्य आहे. उत्तरायण यांनी माझ्या मुद्द्याला होकार दिला असला तरी त्यावर एक रास्त शंका घेता येईल, ती मीच मांडतो : एवढा मोठा करार आठ महिने गुप्त ठेवणे शक्य होते का? नव्हते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला असा करार भागधारकांपासून लपवता येत नाही, आणि हजारो अभियंते व डझनावारी दूरसंचार कंपन्या यांना विश्वासात घेतल्याशिवाय ल्युमिया तयारही झाला नसता. त्यामुळे मायक्रोसॉफ्टबरोबरची भागीदारी फेब्रुवारीत जाहीर होणे अटळ होते. परंतु त्याच व्यासपीठावरून सिम्बियनला निरोप देण्याची गरज मला दिसत नाही. उच्च किमतीच्या फोनसाठी विंडोज फोन, आणि त्याखालच्या श्रेणींत क्यूटीसह सिम्बियन, एवढेच त्या दिवशी सांगता आले असते आणि ते खोटेही ठरले नसते. कारण प्रत्यक्षात नोकियाने त्यानंतरही सिम्बियनच्या ॲना आणि बेल या सुधारित आवृत्त्या काढल्या, २०१६ पर्यंत आधार देण्याचे आश्वासन दिले, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये ४१ मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेला ८०८ प्युअरव्ह्यू आणला तोही सिम्बियनवरच. विंडोज फोनवर तशा ताकदीचा कॅमेरा यायला ल्युमिया १०२० ची, म्हणजे जुलै २०१३ ची वाट पाहावी लागली, आणि तोवर फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टच्या हवाली करण्याचा करार होण्यास दोन महिन्यांहून कमी अवधी उरला होता.